एका माणसाची जागा जास्त

३ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

खुशाली मागून विचारते. आधी बातमी, कारण ती पोटात मावत नाहीये.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी उपासनेत नव्या पाळकांनी डोळे मिटून "हे प्रभू, आम्हाला लीन कर" म्हणायला आणि चर्चच्या सेक्रेटरींचं बाक कडकन मोडायला एकच गाठ पडली. सेक्रेटरी, सेक्रेटरीणबाई, दोन मुलगे, थोरली सून, सगळे एका दमात जमिनीवर! प्रार्थना इतक्या लवकर ऐकली गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती. रुमाल तोंडात कोंबला, तरी हसू नाकातून बाहेर आलंच. सेक्रेटरींनी वळून बघितलं. बघू दे.

मग बाकं उलटी केली तर काय, वाळवी! बाहेरून पॉलिश आणि आतून नुसता भुसा. सगळी नवी करायची ठरलं. कमिटीत मी म्हटलं, शहरातला एक सुतार माझ्या माहितीतला आहे, हात सोन्याचा आहे. त्यांनी नाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

तेव्हा बाकं तुला करायचीत. लहानपणी घरातली दिसेल ती वस्तू ठोकत सुटायचास म्हणून तुझं हे नाव पडलं, आता त्याचं काहीतरी चीज कर.

आमच्याकडची पद्धत तुला ठाऊक आहेच. ज्याचं बाक त्याचं. आजोबा बसले तिथेच नातू बसणार. म्हणून कमिटीने ठराव केला की ज्या त्या कुटुंबाच्या मापाचं बाक करायचं. आता माप कोण घेणार? जन्मभर गळ्यात टेप घालून लोकांचे कपडे शिवले, दुसरं कोण! घरोघरी गेले, एकेकाला बसवलं आणि बसल्याचं माप घेतलं. सेक्रेटरीणबाई श्वास रोखून बसल्या. म्हटलं, "बाई, श्वास रोखून पोट आत जातं, बाकीचं नाही जात." मापं सोबत पाठवली आहेत.

आता मुद्द्याचं. बाकं घेऊन तूच यायचं आणि माझ्याशेजारी बसायचं. तुझ्या बाबांच्या शोकसभेला तू पिऊन आलास आणि सेक्रेटरींनी दंडाला धरून तुला बाहेर नेलं, त्यानंतर तू ती पायरी चढला नाहीस. पण ते दिवस गेले. आता वर्ष होत आलं, तू थेंबाला शिवलेला नाहीस. तुझी जागा मी राखून ठेवलीय बरं का. तिसरी ओळ, खिडकीकडे. दर रविवारी तिथे माझी पर्स बसते. मागच्या आठवड्यात कुणी नवी बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन तिथे टेकायला आली. "इथे माझा भाचा बसतो," म्हटलं आणि उठवलं दोघींना. गाठ माझ्याशी आहे!

जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र कारखान्यात वाचलं आणि मालकांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांत भिंत मोजून बाक मागणारी गिऱ्हाइकं पाहिली, माणसं मोजून मागणारं हे पहिलंच. अगं, उद्या सेक्रेटरींच्या धाकट्याचं लग्न झालं तर नव्या सुनेला काय मांडीवर बसवणार?

बाकं करतो. जीव ओतून करतो. पण येणार नाही. रागाने म्हणत नाहीये. रविवार हा माझा सगळ्यात अवघड दिवस असतो. बाकीचे दिवस हातात रंधा असतो. रविवारी हात रिकामे आणि कोपऱ्यावरचं दुकान उघडं. फार वाटतं की कुठेतरी चार माणसांत जाऊन बसावं, गाणं म्हणावं. आणि खरं सांगू, आपल्याच चर्चमध्ये बसावंसं वाटतं. पण नुसतं मनात आणलं तरी दंडावर तो हात जाणवतो.

मंगळवारी आमची मंडळी जमते, दारू सोडलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची. एका शाळेचा वर्ग मिळालाय. बाकं पहिलीच्या पोरांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. पण तिथे एक आहे. जो उशिरा येईल, धडपडत येईल, त्याला आधी जागा. तू कोण, कुणाचा, किती दिवस झाले, हे सगळं बसल्यावर विचारायचं.

एक बोलू? चिडू नकोस. ती बाई आणि तिची आई, परत आल्या का गं? मी येणार नाही हे मलाही माहीत होतं आणि तुलाही. त्या तर आल्या होत्या. मला बाहेर काढलं ते तुला इतकी वर्षं खुपतंय, आणि माझ्याच नावाने तू दुसऱ्याला उठवतेस. हा कुठला न्याय?

तुझा ठोक्या


२ मार्च

ठोक्या,

"प्रिय" मुद्दाम गाळलंय.

चार बुकं शिकला नाहीस पण आत्याला अक्कल शिकवण्यात पहिला नंबर. तुझं पत्र आल्यापासून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. शेजारीण घाबरून ताप बघायला आली. अरे वेड्या, ती पर्स मी हौसेने ठेवते का? तू आहेस, तू आमचा आहेस, हे लोकांनी विसरू नये म्हणून ठेवते. दर रविवारी त्या रिकाम्या जागेकडे बघून मला रडू येतं, आणि तू मला न्याय शिकव!

नाही आल्या परत. झालं समाधान? म्हणजे आत नाही आल्या. पाळकबाई सांगत होत्या, मुलगी इस्त्रीच्या दुकानात काम करते. नवरा सोडून गेलाय. म्हातारीला विसरायला होतं आणि उपदेश चालू असला की ती मध्येच मोठ्याने उत्तरं देते. म्हणून इतरांनीही त्यांना "ही आमची जागा" सांगून मागे मागे हलवलं. हल्ली दोघी दाराबाहेर चपलांपाशी उभ्या राहून ऐकतात. तिथे आणखीही काही जण असतात म्हणे. मी आत असते, मला काय दिसणार?

तुझं एक मात्र पटलं, धाकट्याच्या लग्नाचं. मी कपडा शिवते तेव्हा आत दोन बोटं कापड जास्त सोडते. अंग भरलं की उसवून वाढवता येतं. तसं बाकालाही थोडं जास्त सोड. किती ते तू ठरव, सुतार तू आहेस.

लेकीचे दिवस भरत आलेत. मला तिच्याकडे जावं लागेल. पण बाकं बसतील त्या रविवारी मी हजर राहणार म्हणजे राहणार, आणि तुलाही यावंच लागेल.

आत्या


२८ मार्च

प्रिय ठोक्या,

पत्र नाही, निरोप नाही. माझ्यावर रागावलास का? मी तोंडाने फाटकी आहे, हे तुला आजच कळलं का? बाकांचं राहू दे. एक ओळ लिही, पण लिही.

आत्या


५ एप्रिल

प्रिय आत्या,

रागावलो नाही. तुझ्यावर तर मुळीच नाही.

मी प्यायलो. मधल्या एका रविवारी. बाकांच्या पाठी जोडून झाल्या होत्या, सगळी ओळीने उभी केली होती, सुंदर दिसत होती. एका बाकावर बसून पाहिलं. मनात आलं, यांवर सगळे बसतील, फक्त करणारा सोडून. उठलो, तो थेट दुकानात. मग दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मंगळवारच्या मंडळींतले दोघे खोलीवर आले. मला अंघोळ घातली, भात भरवला आणि त्या पहिलीच्या बाकावर नेऊन बसवलं. कुणी जाब विचारला नाही. आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

तू कमिटीत छातीठोकपणे सांगितलंस, हात सोन्याचा आहे. ते हात परवापर्यंत थरथरत होते. म्हणून काम रेंगाळलं. आता सुरू आहे. बाकं वेळेवर ट्रकने येतील. मी सोबत येईन, कारण पाय जमिनीला बसवणं ट्रकवाल्याला जमणार नाही, पण शनिवारी काम उरकून परत निघेन. उपासनेला थांबायच्या लायकीचा मी नाही, आत्या. माझी जागा आता खरंच सोड.

ठोक्या


१४ एप्रिल, लेकीच्या घरून

माझ्या राजा,

तुझं पत्र मागून इकडे आलं. पहिल्यांदा रडले. मग लेकीला मुलगी झाली. मग पुन्हा रडले, पण ते वेगळं. नात गुबगुबीत आहे, नाक आपल्या घराण्याचं आहे, त्याला इलाज नाही. बाळबाळंतीण दोघी ठणठणीत, पण मला इथून महिनाभर हलता येणार नाही. म्हणजे बाकांच्या रविवारी मी तिथे नाही. एवढा घाट घातला आणि हे!

आता ऐक. काल मी इथल्या चर्चमध्ये गेले. अनोळखी गाव, अनोळखी माणसं. चांगली इस्त्रीची साडी नेसून गेले, मधल्या एका बाकावर बसले. एक पोरगेलीशी बाई आली. गोड हसली आणि म्हणाली, "मावशी, ही आमची जागा आहे." उठले. दुसरीकडे बसले. तिथे एक गृहस्थ येऊन नुसते उभे राहिले. तोंडाने काही बोलले नाहीत, पण असे उभे राहिले की मीच उठले. शेवटी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ. मी! जिने पन्नास वर्षं तिसरी ओळ सोडली नाही, ती मी! उपदेश कशावर होता म्हणशील तर एक अक्षर आठवत नाही. सगळा वेळ माझे कान तापलेले. मनातल्या मनात त्या गृहस्थांना अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहीत नाही.

घरी येताना मात्र शिव्या संपल्या. मला ती इस्त्रीवाली आठवली आणि तिच्या आईचा चेहरा आठवेना. उठवताना मी त्या म्हातारीकडे धड बघितलंसुद्धा नव्हतं रे.

तू प्यायलास, वाईट झालं. मला दुःख झालं, ते मी कशाला लपवू? पण तू लिहिलंस, आणि मला लिहिलंस, याचा मला जो आनंद झालाय तो नातीच्या खालोखाल आहे. आणि लायकीचं म्हणशील, तर मी सगळ्या कुटुंबांची मापं घेतली, पण कुणाची लायकी मोजली नाही. ती मोजली असती तर एकही बाक करायची वेळ आली नसती, आम्ही सगळेच चपलांपाशी उभे असतो. सेक्रेटरींची तर मी ग्वाही देते.

थांब रे त्या रविवारी. मी नसले तरी थांब.

तुझी आत्या


२८ एप्रिल

प्रिय आत्या,

खुशाली मागून. आधी बातमी!

शनिवारी बाकं घेऊन पोहोचलो. जमीन अशी उंचसखल की एकेका पायाखाली पाचर मारता मारता अंधार पडला. पाळक म्हणाले, आता कुठे जातोस, बाहेरच्या खोलीत झोप. सकाळच्या पहिल्या गाडीने निघायचं ठरवून झोपलो. सकाळी पिशवी खांद्याला लावतोय तर पाळकबाई धावत आल्या, पुढचं बाक डुगडुगतंय म्हणून. आत्या, शपथेवर सांगतो, शनिवारी ते दगडासारखं पक्कं होतं. जाऊन पाहतो तर स्क्रू ढिले. कसे झाले देव जाणे. बाकाखाली शिरलो, एक आवळला, दुसरा आवळला, आणि लोक यायला लागले.

मला वाटलं, असंच पडून राहावं आणि गाणं सुरू झालं की मागच्या दाराने सटकावं. तोंडासमोर सेक्रेटरींचे बूट आले. मग सेक्रेटरीणबाईंची पावलं. पाठोपाठ मुलं, सून. सगळे बसले. आणि सेक्रेटरी गरजले, "माप चुकलंय! इथे अजून एक माणूस बसेल!" दुसऱ्या ओळीतून आवाज आला, आमचंही चुकलंय. मागूनही तेच. अख्ख्या चर्चमध्ये एकच गलका, माप चुकलं, माप चुकलं! पाळक वर उभे, त्यांना हसू आवरेना.

माझ्या कामाला कुणी चुकलं म्हटलेलं मला सहन होत नाही, तुला माहीत आहे. मी बाकाखालून ओरडलो, "चुकलं नाही! ठेवलंय तेवढं!"

आवाज कुठून आला ते कुणाला कळेना. सेक्रेटरीणबाईंनी तर पाय वर घेतले. मग मी सरपटत बाहेर आलो, केसांत भुसा, हातात स्क्रू ड्रायव्हर. आणि खरं ते सांगितलं. म्हटलं, प्रत्येक बाक तुमच्या मापाचंच आहे, फक्त एका माणसाची जागा जास्त सोडलीय. आत्याने थोडं जास्त सोडायला सांगितलं होतं. बाहेरून येणाऱ्याचं माप तिने पाठवलं नव्हतं, म्हणून मी माझंच घेतलं.

मला ओळखलं सगळ्यांनी. मी बघत होतो, एकेका चेहऱ्यावर शोकसभेचा दिवस येत होता. मी पिशवी उचलली. तेवढ्यात सेक्रेटरी उठले आणि त्यांनी माझ्या दंडाला धरलं. तोच दंड, आत्या, आणि तोच हात. म्हटलं, संपलं.

आणि त्यांनी मला खाली ओढलं. धप्पकन बसवलं, स्वतःच्या बायकोच्या आणि स्वतःच्या मधे. म्हणाले, "एवढं नवं पॉलिश, मधे रिकामं ठेवलं तर आम्ही घसरणार नाही का? बस गप." हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. सेक्रेटरीणबाईंनी माझ्या केसांतला भुसा झटकायला घेतला, तो उपदेश सुरू होईपर्यंत झटकत होत्या.

मग जे झालं ते पाहायला तू हवी होतीस. शेजारी जागा रिकामी ठेवून बसायची एकेकाला लाज वाटायला लागली. सेक्रेटरींचा धाकटा आधी उठून बाहेर गेला आणि चपलांजवळून एका वॉचमनला घेऊन आला, रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. मग दुसरं कुणी उठलं. असे किती जण आत आले म्हणून सांगू! एक जण नुकताच तुरुंगातून सुटलेला. एक मुलगी, सबंध वेळ नुसती रडणारी, तिला काय झालंय ते कुणी विचारलं नाही, जागा दिली. आणि ती इस्त्रीवाली आणि तिची आई. त्या दोघींना सगळ्यात मोठी मोकळी जागा कुठे मिळाली असेल? तुझ्या बाकावर. तू नव्हतीस ना. म्हातारी नेमकी तुझ्या जागेवर बसली, बाकाला रेलून.

उपदेशात पाळक म्हणाले, "आपल्यापैकी कोण छातीला हात लावून सांगेल, की माझ्यात काही खोट नाही?" तुला माहीत आहे, हे विचारायचं असतं, उत्तर द्यायचं नसतं. पण म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "मी नाही बाई सांगणार! काल मी दुधावरची साय खाल्ली आणि मांजरावर ढकललं."

मुलीने आईच्या तोंडावर हात ठेवला, बिचारी शरमेने अर्धी झाली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आणि सेक्रेटरीणबाई हसायला लागल्या. मोठ्याने, अगदी मोकळ्या. बाक हललं, पण मोडलं नाही! म्हणाल्या, "मी पण नाही हो सांगणार, आजी!" मागून कुणी म्हणालं, मीही नाही. मग इकडून, तिकडून. लोक हसत होते, काहींच्या डोळ्यांना पाणी होतं. सेक्रेटरींनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "मीही नाही." पाळकांनी हातातला कागद मिटला आणि म्हणाले, माझा उपदेश आजींनी संपवलाय, आता गाऊ या.

मी गायलो, आत्या. आवाज बसलेला, सूर भलतीकडे, तरी गायलो. वर्षानुवर्षांत असा रविवार मिळाला नव्हता. संध्याकाळी गाडीत बसलो तर लक्षात आलं, दिवसभरात दुकानाची आठवणच झाली नाही. आज होईल, मला माहीत आहे. पण उद्या मंगळवार आहे, आणि पुढे रविवारही आहे. मालकांनी दर शनिवारी मला लवकर सोडायचं कबूल केलंय.

फक्त एक पंचाईत आहे. तू परत आलीस की तुझ्या जागेचं काय करायचं? म्हातारीला एकदा कळलेली जागा बदलली की ती बावरते, असं तिची मुलगी म्हणते. तू सांगशील तसं करू.

तुझा ठोक्या


४ मे

माझ्या लाडक्या घोड्या,

तुझं पत्र मी आधी लेकीला वाचून दाखवलं, मग जावयाला, मग नातीला. नातीने मांजर आलं तिथे जांभई दिली, बाकी तिला आवडलं. मी एवढी हसले की लेक म्हणाली, आई, टाके माझे आहेत, तू जपून. आणि सेक्रेटरींनी तुझा दंड धरला तिथे मला पुढचं वाचवेना. पत्र जावयाकडे दिलं. तोही वाचता वाचता चष्मा पुसायला लागला. चांगला माणूस आहे, उगाच नावं ठेवत होते.

स्क्रूचं कोडं सोडवते. पाळकबाईंना मी इथून पत्र घातलं होतं की काहीही करा, पण रविवारी सकाळी त्याला अडकवा. स्क्रू ढिले करायची युक्ती मात्र त्यांची स्वतःची. पाळकाच्या बायकोने हे केलं, तेव्हा खोट कुणात नाही ते तूच ठरव.

मी तिथे नव्हते याची हळहळ जन्मभर राहील. आणि मी नव्हते तेच बरं झालं, हेही मला कळतंय. मी असते तर तुला ओढून माझ्या शेजारी बसवलं असतं आणि बाकीचे नुसते बघत राहिले असते.

आता माझ्या जागेचं. म्हातारीला हलवायचं नाही. तिच्या मुलीलाही नाही. कुणी हलवू बघितलं तर माझं नाव सांग.

मी पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी येते. मुद्दाम उशिरा येईन, गाणं सुरू झाल्यावर. दाराशी चपलांजवळ उभी राहीन. पन्नास वर्षं मी त्या चर्चमध्ये जातेय, पण मला कुणी "या, आत या" म्हटलेलं नाही, कारण मी आधीपासून आतच असायची. तेवढं एकदा ऐकायचंय.

तू उठून ये, आणि मला आत ने.

तुझी आत्या